आप्पांच्या पायावरचा खेकडा

भाईदास आप्पांची एक खोड साऱ्या गावाला ठाऊक होती. कुठल्याही माणसावर विश्वास टाकायचा तर आधी त्याचं नातं शोधून काढायचं. मोटार दुरुस्त करणारा असो, तलाठी असो नाहीतर पपईची रोपं विकणारा असो. गाव कोणतं, आडनाव काय, आजोळ कुठलं, बहीण कुठे दिली, असं विचारत विचारत आप्पा त्या माणसाच्या घराण्यात खोल उतरायचे आणि कुठली तरी आत्या किंवा कुणाचा तरी साडू हाती लागल्याशिवाय वर यायचे नाहीत. एकदा नातं लागलं की माणूस आपला. मग त्याने पपईच्या नावाखाली एरंडाची रोपं दिली तरी आप्पा हसत लावणार. गजराबाईने अडतीस वर्षं हा खेळ पाहिला होता. त्यात ती कधी पडली नाही, कारण पडून उपयोग नव्हता.

पण आता गोष्ट पायाची होती. चौदा महिन्यांपूर्वी आप्पा तापीच्या गाळात मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पाइपाच्या तोंडची झडप, साफ करायला उतरले आणि घोट्याच्या वर लोखंडाचा कोपरा लागला. बोटभर जखम. हळद लावली, विसरून गेले. जखम मात्र विसरली नाही. ती रुंदावत गेली आणि बशीएवढी झाली. नंदुरबारचे डॉक्टर झाले, शहाद्याचे झाले, गोळ्यांनी पोट बिघडलं, सुयांनी दंड सुजले, पण जखमेचं तोंड मिटेना. शेवटी सुरतच्या मोठ्या डॉक्टरने सांगितलं की दोन-तीन महिन्यांत सुकली नाही तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. यावर आप्पांचं म्हणणं असं की त्या डॉक्टरशी आपलं काहीच नातं लागत नाही, त्यामुळे त्याचं बोलणं मनावर घ्यायचं कारण नाही.

गजराबाईने मनावर घेतलं. रात्रंदिवस तिला तो पाय दिसायचा, आणि पाय नसलेले आप्पा दिसायचे. पपईच्या बागेत दिवसातून तीन चकरा मारल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही, तो माणूस खाटेवर बसून काय करेल? भांडेल. दिवसभर तिच्याशी भांडेल आणि वर्षाच्या आत झुरून जाईल. हे तिला स्वच्छ कळत होतं.

खांडबाऱ्याच्या पुढे, टेकडीवरच्या एका दवाखान्यात अशा हट्टी जखमांवर नवी पट्टी बांधून पाहताहेत, असं तिच्या कानावर आलं. तिने आप्पांना नंदुरबारला पॅसेंजर गाडीत बसवलं, खांडबाऱ्याला उतरवलं, तिथून रिक्षात कोंबलं. बाजाराचा दिवस होता. सुक्या मासळीच्या ओळीपाशी रिक्षा अडकली तेव्हा आप्पांनी उपरणं नाकाला असं लावलं की गजराबाईला वाटलं, जखमेच्या आधी हा माणूस गुदमरूनच जातो. आप्पांच्या गळ्यात माळ होती. घरात अंडं आलं नव्हतं, कांदा चातुर्मासात बंद. एकदा एका लग्नात भज्यांच्या कढईत आधी काय तळलं होतं हे जेवणानंतर कळलं, तर आप्पांनी तीन दिवस नुसत्या पाण्यावर काढले होते, आणि त्या तीन दिवसांत घरच्यांचंही जेवण धड झालं नव्हतं.

डॉक्टर तरुण होता, योगेंद्र नावाचा. त्याने जखम धुतली, नमुना घेतला, आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि मग नीट समजावून सांगितलं. हा मातीपाण्यातला, उष्ण मुलखातला जंतू आहे. तो जखमेत नुसता राहत नाही, स्वतःभोवती बुळबुळीत थर बांधून राहतो. तुम्ही गोळी खाता, ती रक्तातून येते आणि त्या थरावर डोकं आपटून परत जाते. म्हणून आम्ही औषध बाहेरून नेतो. निसर्गातल्याच एका पदार्थाचा पातळ पापुद्रा करतो, त्यात प्रतिजैविक भरतो आणि जखमेवर ठेवतो. पापुद्रा त्या थराला सैल करतो आणि औषध चार दिवस थोडं थोडं सोडत राहतो. आठवड्यातून दोनदा पट्टी, आठ आठवडे. हे अजून तपासणीत आहे, कुणावर जबरदस्ती नाही, आणि पापुद्रा कशाचा ते मी आता वाचून दाखवतो.

मग त्याने चार पानी कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीलाच आप्पांनी विचारलं, "डॉक्टर, गाव कोणतं?"

डॉक्टर भला माणूस. वाचायचा, थांबायचा, उत्तर द्यायचा, परत वाचायचा. खेकड्याच्या कवचापासून पापुद्रा करतात हे वाक्य त्याने मोठ्याने वाचलं, तेव्हा आप्पा त्याच्या आजोळापर्यंत पोचले होते. दुष्परिणामांच्या यादीत रक्तस्राव आणि पुरळ यांच्या दरम्यान मावशी सापडली. मावशी आप्पांच्या शेजारच्या गावात, आप्पांच्या चुलतसाडूच्या घरात दिलेली निघाली. आप्पांचा चेहरा उजळला.

"हाऊ ते आपलाच पोऱ्या शे," ते गजराबाईला म्हणाले. "सही कोठे करानी शे?"

"काका, काही शंका असेल तर विचारा. कळलं ना सगळं?" डॉक्टरने विचारलं.

"आपला मानूसले काय इचारनं," असं म्हणून आप्पांनी सही ठोकली.

गजराबाईने एकूणएक शब्द ऐकला होता. ती सातवी शिकलेली, कागद वाचत असताना गप्पा मारायची तिला सवय नव्हती. बाहेर आल्यावर तिने प्रिस्किला नावाच्या नर्सला कोपऱ्यात गाठलं. ही नवापूरच्या डोंगरातली मुलगी, बोलायला सरळ.

"सिस्टर, खेकडाच का?"

"खेकडाच. पण मांस नाही त्यात. कवच धुतो, आम्लात घालतो, क्षारात उकळतो, शेवटी पांढरी भुकटी उरते. तिचा पापुद्रा. का, काकांना चालत नाही?"

"त्यांना सांगू नका."

प्रिस्किलाने तिच्याकडे नीट पाहिलं. "मावशी, मी आपणहून पुन्हा सांगणार नाही, डॉक्टरांनी एकदा वाचलंय. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"ते नाही विचारणार," गजराबाई म्हणाली. आणि खरंच, आप्पा त्या नर्सला फक्त एकच गोष्ट विचारणार होते, तिचं आजोळ.

गाडीत आप्पांनी पायावर नुकतीच बांधलेली पट्टी निरखली. "कसानी शे वं ही?"

गजराबाईला वाटलं होतं की आपल्याला विचार करायला वेळ मिळेल. पण जीभ आधीच हलली. "डिंकनी. धावडाना डिंक."

खोटं बोलून झाल्यावर तिने उगाच पदर सारखा केला. आप्पा मात्र खूश. धावड्याचा डिंक म्हणजे घरचा, सातपुड्याचा, लाडवातला. आपल्या नात्यातला डॉक्टर औषधही आपल्याच मुलखातलं देणार, यात त्यांना नवल वाटलं नाही.

तीन आठवड्यांत जखमेचा वास गेला. चौथ्या आठवड्यात कडेने गुलाबी मांस धरलं. सहाव्या आठवड्याला बशीची सुपारी झाली होती. गजराबाई रोज सकाळी देवाला हात जोडायची आणि मग मनातल्या मनात खेकड्यालाही जोडायची. त्याला कसा हात जोडायचा ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण जोडायची. एवढं सुख तिला कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

पण आप्पांना बरं वाटलं की ते गावाला बरं करायला निघतात, हे ती विसरलीच होती. पारावर, दूध डेअरीत, भजनी मंडळात, जिथे चार माणसं दिसतील तिथे आप्पा धोतर वर करून जखम दाखवायला लागले. "देख, कशी भरी ऱ्हायनी. इंग्रजी औषध हारी गयं. धावडाना डिंक!" मंडळातल्या बायकाही समोर असायच्या, पण आप्पांना आता लाज उरली नव्हती. धडगावकडच्या ओळखीच्या माणसाकडून त्यांनी पाच किलो डिंक मागवला आणि त्यातला दोन किलो पिशवीत भरून दवाखान्यात नेला.

"डॉक्टर, हाऊ असल माल. तुम्ही काय वापरतस माले माहित नही, पन यान्हापुढे तो काहीच नही."

डॉक्टर पिशवीत डोकावला. "लाडवांसाठी," गजराबाई घाईने म्हणाली. "तुमच्याकडे बाळंतीण असेल ना घरात."

"काकू, माझं अजून लग्नही झालेलं नाही."

"होईल की," गजराबाई म्हणाली आणि आप्पांना जवळजवळ ओढतच पट्टीच्या खोलीत घेऊन गेली. परतताना ती बोटांवर मोजत होती. अजून दोन आठवडे. चार पट्ट्या. मग पाय बरा, पट्टी बंद, आणि हे गुपित तिच्याबरोबर जाईल, असा तिचा हिशेब होता.

तो हिशेब चुनीलालने मोडला. चुनीलाल म्हणजे आप्पांचा लहानपणापासूनचा जोडीदार, मंडळातला पेटीवाला, आप्पांइतकाच कडक माळकरी, किंबहुना काकणभर जास्तच. त्याच्या टाचेला फावडं लागून तीन महिने झाले होते आणि तीही भरत नव्हती. गुरुवारी भजनाला पेटी वाजली नाही. गजराबाईने आप्पांना विचारलं, चुनीलाल भाऊ का आले नाहीत? आप्पा गूढ हसले. "औषध काम करी ऱ्हायनं."

"कसलं औषध?"

मग कळलं. आप्पांनी घरी उरलेल्या तीन किलो डिंकातला मूठभर कुटला, पाण्यात भिजवला, मेडिकलमधून लाल-पिवळ्या कॅप्सूल आणल्या, त्या फोडून पूड त्यात कालवली आणि चुनीलालच्या टाचेवर लिंपून वर धोतराची चिंधी गच्च बांधली. चार दिवस झाले. सोडायची नाही असं बजावलं होतं. कॅप्सूल फोडून जखमेत पूड भरणं आमच्याकडे घरोघरी चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. डिंकाची भर तेवढी आप्पांची.

गजराबाई पदर खोचून तशीच चुनीलालच्या घरी गेली. मागोमाग आप्पा. चुनीलाल ओट्यावर गोधडी पांघरून बसला होता, भर दुपारी थंडीने कुडकुडत. पाय उशीवर. डिंक वाळून दगड झाला होता, टाच त्यात बंद, आणि वरची पोटरी तांबडी होऊन तटतटली होती. भजनी मंडळातले दोघेजण बाजूला बसून औषध आत ओढतंय अशी चर्चा करत होते.

"आठ दिवसमा पयशी तू," आप्पांनी चुनीलालला पळायचं आश्वासन दिलं.

गजराबाईने चुनीलालचं कपाळ पाहिलं. तापलेला तवा. त्या क्षणी तिला दोन पाय दिसले. एक आप्पांचा, सुपारीएवढी जखम उरलेला, जो ती गप्प राहिली तर वाचणार होता. दुसरा चुनीलालचा, जो ती गप्प राहिली तर जाणार होता, आणि पायाबरोबर कदाचित माणूसही. मनात फार उलथापालथ झाली असं नाही. तिला फक्त स्वतःचा भयंकर राग आला.

"तो डिंक नही," ती म्हणाली. "तुम्हना पायवर डिंक नही शे. खेकडा शे. खेकडाना टरफलनी पट्टी शे ती."

मंडळातला एकजण जागचा थोडा मागे सरकला, जणू आप्पांच्या धोतरातून काहीतरी चालत बाहेर येणार होतं.

"तुले माहित व्हतं?" आप्पांनी विचारलं.

"पहिला दिनपासून. डॉक्टरनी वाचं तवय तुम्ही त्यानी मावशी शोधी ऱ्हायना व्हतात."

"माले का बर नही इचारं?"

"इचारं असतं ते तुम्ही नही म्हनतात."

आप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते उठले, घरी गेले, पट्टी सोडून मोरीच्या बाहेर ठेवली आणि एकामागून एक दोन आंघोळी केल्या. चुनीलालला गजराबाईने आणि मंडळातल्या दोघांनी त्याच संध्याकाळी गाडीत घालून टेकडीवरच्या दवाखान्यात नेलं. प्रिस्किलाला तो डिंक कोमट पाण्याने सोडवायला दोन तास लागले. म्हणे, अर्धा छिन्नीच्या लायकीचा होता.

आप्पांनी बोलणं टाकलं. तिच्या हातचं खाणंही टाकलं. स्वतः खिचडी लावायचे, एक दिवस करपायची, एक दिवस पाण्यात पोहायची. अडतीस वर्षांत चूल न पाहिलेला माणूस मीठ कुठे आहे हे विचारणार नाही म्हणून अळणी खायचा. तिने मीठ समोर आणून ठेवलं तर त्याकडे बघायचाही नाही. गजराबाई भाकरी थापताना रडायची. पण रडत असतानाही तिला पश्चात्ताप होत नव्हता. पुन्हा तीच वेळ आली तर ती पुन्हा तेच सांगेल, डिंक आहे म्हणून, फक्त चुनीलालवर लक्ष ठेवेल. दवाखान्याचे दोन वेळा फोन आले, आप्पा गेले नाहीत. पंधराव्या दिवशी त्यांच्या धोतरावर तिला ओला डाग दिसला. सुपारी पुन्हा पाझरायला लागली होती.

सतराव्या दिवशी डॉक्टरचाच फोन आला. चुनीलालचा ताप उतरलाय, पण टाचेत तोच जंतू निघालाय. गोळ्यांना दाद देत नाही. पट्टी बांधायची म्हणतो तर काका हात लावू देत नाहीत. पाय गेला तरी चालेल पण खेकडा नको, असं म्हणतात. भाईदास काकांनी येऊन समजावलं तर ऐकतील. हे सगळं डॉक्टरने आप्पांना सांगितलं. आप्पांनी फोन ठेवला, टोपी घातली आणि स्टेशनचा रस्ता धरला. गजराबाई बरोबर निघाली. गाडीत ते एका बाकावर आणि ती समोरच्या, अशी दोघं खांडबाऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

चुनीलाल पट्टीच्या खोलीत खुर्चीवर होता, पाय स्टुलावर, तोंड वळवलेलं. आप्पा त्याच्या शेजारच्या बाकावर बसले आणि वकिली सुरू केली. आपण पूजेला रेशीम नेसतो, ते किड्याचं. देवाला मधाचा अभिषेक, तो माशीचा. देव्हाऱ्यात शंख, तो तर समुद्रातला खेकड्याचा शेजारी. गजराबाई दारात उभी राहून ऐकत होती. सतरा दिवस हा माणूस गप्प बसून अळणी खिचडीबरोबर हेच सगळं चघळत होता, हे तिला तेव्हा कळलं.

"शंख फुकतस," चुनीलाल म्हणाला. "जखममा नही भरतस."

"मग मन्हं काय? मी ते सहा आठवडा बांधं."

"तुन्हाकडथीन अजाणतामा घडनं, भाईदास. तुले माहित नव्हतं, तुले पाप नही. माले माहित शे. मी जाणीसन बांधू का?"

चुनीलालचं बोलणं बिनतोड होतं. डॉक्टरने प्रिस्किलाकडे पाहिलं, प्रिस्किलाने छताकडे. गजराबाईला वाटलं, झालं, आता दोघंही पाय घेऊन घरी जातील आणि दोघांचेही पाय जातील, आणि हे सगळं एका डिंकाच्या शब्दावरून.

आप्पांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं. घोट्यावरची चिंधी सोडली. पाय उचलून चुनीलालच्या पायाशेजारी त्याच स्टुलावर ठेवला.

"बांध, सिस्टर," ते म्हणाले. "खेकडा शे. माले माहित शे."

प्रिस्किलाने डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरने मान हलवली. तिने जखम धुतली, तो पातळ, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा चिमट्याने उचलला आणि ठेवला. आप्पांनी सगळा वेळ डोळे उघडे ठेवले होते. ओठ तेवढे घट्ट मिटलेले.

चुनीलाल त्यांच्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आते तुले लागनं पाप."

"लागनं ते लागनं. अर्धं तुन्हं, अर्धं मन्हं करू."

चुनीलालने टाच किंचित, बोटभरच, प्रिस्किलाच्या बाजूला सरकवली.

"तीन वाटा करा," दारातून गजराबाई म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण वाक्य पुरं झालं.

आप्पांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सतरा दिवसांत पहिल्यांदा. मग बाकावर थोडं सरकून तिला बसायला जागा केली.

"तुन्हा वाटा सर्वासमा मोठा शे," ते म्हणाले. "बठ."